पागोट्यांची शिडे

आमच्या हदगावच्या माणसाला समुद्राविषयी विचारू नये. उत्तरेला पैनगंगा आहे. पावसाळ्यात ती आपले मोठेपण दाखवते आणि उन्हाळ्यात वाळूचे दर्शन देते. ह्यापलीकडे पाणी म्हणजे शाळेच्या भिंतीवरच्या नकाशातला निळा रंग. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो आणि त्या राज्याचा किनारा अठराव्या शतकातच इंग्रजांच्या हाती गेला होता. तेव्हा दर्यावर्दी इंग्रजाच्या चरित्रावर लिहायला हदगावहून कोणी सरसावला, तर वाचकांनी हसावे ह्यात नवल नाही. मीही आधी हसलो होतो.

ह्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. मी सुमारे तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. त्यात एक वाक्य दरवर्षी न चुकता फळ्यावर लिहायचो : 'इंग्रजांनी १७५६ मध्ये विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार जाळले.' एका वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, तवा आपले लोकं कुठं व्हते?" मी त्याला खाली बसवले. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे, तास संपत आला होता म्हणून, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो.

हाच पोरगा पुढे व्यापारी जहाजावर नोकरीला लागला. गेल्या दिवाळीला तो घरी आला होता. काजूची पिशवी माझ्या हातात ठेवली, पाया पडला आणि खिशातून फोन काढून म्हणाला, "सर, तुमच्या त्या वाक्याची पुस्तकं आणलीत." जुन्या इंग्रजी ग्रंथांची छायाचित्रे त्या एवढ्याशा यंत्रात होती. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत आम्ही दोघे ओट्यावर बसून ती वाचत होतो. घरच्या मंडळींनी फराळाची ताटे तिथेच आणून दिली. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

पुस्तकांचा नायक विल्यम जेम्स. जन्म १७२१ च्या सुमाराचा, वेल्सच्या पेंब्रोकशायरमधला. कुळ लहान, बाप पिठाच्या गिरणीचा मालक होता असे सांगतात. लहानपणीच दर्यावर गेला, १७४७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १७५१ मध्ये कंपनीच्या मुंबईच्या आरमाराचा मुख्य झाला. हे आरमार राजाचे नव्हे, व्यापाऱ्यांचे. ह्या भेदाला पुढे महत्त्व येते. १७५५ च्या एप्रिलात त्याने सुवर्णदुर्ग घेतला. पुढल्या फेब्रुवारीत राजाच्या आरमाराचा अॅडमिरल चार्ल्स वॉटसन विजयदुर्गावर चालून गेला. त्याआधी किल्ल्याची टेहळणी जेम्सनेच केली, आणि हा किल्ला लोक म्हणतात तेवढा भयंकर नाही असा अहवाल दिला. १७५९ मध्ये तो मायदेशी परतला. लंडनजवळ एल्थमला जमीनजुमला घेतला, पार्लमेंटात बसला, १७७८ मध्ये बॅरोनेट झाला, कंपनीचा अध्यक्षही झाला. सर जोशुआ रेनॉल्ड्सने त्याचे चित्र काढले. १७८३ च्या डिसेंबरात तो वारला. अशी ही कारकीर्द. अवघी उभी आहे ती कोकणातल्या एका पाणकोटाच्या पायावर.

ह्या पाणकोटाची हकीकत पहिल्याने नीट सांगितली ती रॉबर्ट ऑर्मने. ऑर्म हा कंपनीच्या नोकरीतला माणूस. त्याच्या इतिहासाचा पहिला भाग १७६३ मध्ये निघाला, म्हणजे घटनेनंतर अवघ्या आठ वर्षांनी. त्याची इंग्रजी ताठ आहे, पण दृष्टी तीक्ष्ण. मराठी वाचकाने त्याच्याकडे दोन मनांनी पाहावे. एका मनाने रागवावे आणि दुसऱ्याने पान उलटू नये.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. मुलांत भाऊबंदकी माजली. सेखोजी गेले, संभाजी गेले. कुलाब्यास मानाजी राहिले आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाच्या बाजूस तुळाजी. तुळाजी पेशव्यांना जुमानीनासे झाले आणि इंग्रजांना तर त्यांनी कधीच जुमानले नव्हते. म्हणून १७५५ च्या १९ मार्चला पेशव्यांच्या वतीने आणि मुंबईकर इंग्रजांच्या वतीने तह झाला की, तुळाजीला मिळून मोडावे. कोकणात पेशव्यांतर्फे रामाजी महादेव होते. २२ मार्चला जेम्स मुंबईहून निघाला. त्याचे 'प्रोटेक्टर' ४४ तोफांचे, बरोबर तीन लहान जहाजे. वाटेत मराठ्यांचे आरमार मिळाले : सात गुराबा आणि साठ गलबते.

म्हणजे सुवर्णदुर्गावर गेलेल्या काफिल्यात इंग्रजांची चार जहाजे आणि आपली सदुसष्ट. हा आकडा आला तेव्हा आमचा दर्यावर्दी माझ्याकडे पाहून काही बोलला नाही. मीच म्हणालो, "बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. आपले लोक दोन्हीकडच्या गलबतांत होते." फळ्यावर मी वर्षानुवर्षे लिहिलेले वाक्य खोटे नव्हते, विजयदुर्गास आरमार जळाले ते इंग्रजांच्याच गोळ्याने. पण त्याच्या आदल्या वर्षीची ओळ मी कधी लिहिली नाही आणि ज्या पोराने ती मागितली त्याला मी खाली बसवले.

आता ऑर्मच्या लेखणीकडे. मराठ्यांचे आरमार वाटेत थांबले आणि लोक जेवायला किनाऱ्यावर उतरले, असे तो सांगतो. कारण देतो ते असे की, समुद्रावर जेवणे त्यांच्या धर्माला मंजूर नाही. ही मौज वाचून आम्ही दोघे हसलो. मग लक्षात आले की, ह्या कारणाचे खंडन ऑर्मच पुढल्या पानांत करतो. ज्या तुळाजीच्या आरमाराला अख्खा पश्चिम किनारा भीत होता त्यातले खलाशी कोण होते? तेही कोळी, भंडारी, मराठेच. भाकरी खायला ते रोज सायंकाळी बंदर गाठत असते तर त्यांची दहशत सूर्यास्तापुरतीच राहिली असती. ऑर्मने जे पाहिले वा ऐकले ते खरे असेल. कारण मात्र त्याने परक्याचे लावले. पाय जमिनीवरच घट्ट ठेवणारे सैन्य गलबतांत भरले होते हे त्याला दिसले, आणि त्याने ते धर्माच्या खात्यावर मांडले.

पुढे तो सांगतो की, शत्रूचे आरमार सुवर्णदुर्गाखाली नांगरून पडले आहे ही बातमी जेम्सला लागली. रात्रीच निघून त्याला गाठावे, असा त्याने मराठी आरमाराच्या मुख्याला सल्ला दिला. मुख्याला तो पटला. पण हाताखालच्या सरदारांना सकाळपूर्वी हलवण्याइतका त्याचा अधिकार चालेना. ह्या एका वाक्यात ऑर्म आपल्या अठराव्या शतकाविषयी जेवढे सांगून गेला तेवढे मोठाले खंड सांगत नाहीत. टीकाकार म्हणून मला त्यावर शंका घ्यावीशी वाटते, पण वाटून उपयोग काय? पानिपताची हकीकत वाचणाऱ्याला हे वाक्य अनोळखी लागत नाही.

सकाळ झाली. तुळाजीचे आरमार सावध होऊन दक्षिणेकडे निघाले. वारा अगदी मंद होता. 'प्रोटेक्टर' मागे लागले आणि पेशव्यांची गलबते, जी एरवी त्या जड जहाजाच्या पुढे असत, ती आता मागे पडली. आणि इथे ऑर्म ते चित्र काढतो, ज्याच्यासाठी मी हा सारा लेख लिहितो आहे. पळणाऱ्या गलबतांनी ओझे कमी करायला नको ते सामान समुद्रात टाकले. होती नव्हती ती शिडे चढवली. तेवढ्याने भागेना तेव्हा त्या लोकांनी अंगावरचे कपडे, पांघरुणे, डोक्याची पागोटीसुद्धा सोडून दोरांवर पसरली, की वाऱ्याची झुळूक वाया जाऊ नये.

माझा विद्यार्थी हे वाचताना एकदम ताठ बसला. "सर, हे लोकं खरे जहाजी व्हते," तो म्हणाला. मग त्याने मला समजावले की, पडत्या वाऱ्यात हातभर कापडही फरक करते. जुने खलाशी तर शिडांवर पाणी मारीत; कारण सुके कापड विरळ असते, त्यातून वारा निसटतो, आणि ओल्याने धागा फुगला की तो धरला जातो. पागोटे पसरणाऱ्याला हे सारे ठाऊक असले पाहिजे. पळणारा घाबरट माणूस पागोटे सावरतो; सोडून दोराला बांधत नाही. पागोटे म्हणजे इभ्रत असा ज्या समाजाचा नेम, त्यातल्या माणसांनी ते काम केले. ती गलबते जेम्सच्या हाती लागली नाहीत.

हे चित्र शत्रूने काढले आहे. कौतुकाने नव्हे, पाठलाग किती निकराचा होता हे दाखवायला. तरी तुळाजीच्या खलाशांचे एवढे जिवंत दर्शन मला दुसऱ्या कोठे झालेले नाही, आणि मराठीत तर नाहीच. माझी तक्रार इथून सुरू होते.

जेम्सला चरित्र मिळाले ह्याचे कारण त्याने किल्ला घेतला एवढेच नाही. त्याच्या बाजूचे लेखक काम पाहतात. किल्ल्याजवळ पाणी किती खोल, जहाज कोणत्या अंगाने भिडवले, तोफा कोणत्या दिशेला वळवल्या, बंदुकवाले डोलकाठीवर का चढवले, हे सारे ते लिहितात. ऑर्म सांगतो की, रामाजीपंतांच्या फौजेने जमिनीवरच्या गोवा किल्ल्याविरुद्ध चार पौंडी गोळ्याची एकच तोफ लावली होती, तीही दोन मैलांवरून, आणि तेवढ्या अंतरावरही शिपाई हनुवटीपर्यंत खड्डे खणून बसले होते. मुंबईकरांनी जेम्सला ताकीद दिली होती की, जहाजे किल्ल्याला भिडवून धोक्यात घालू नयेत, फक्त बंदर अडवावे. ती तोफ पाहून त्याने हुकूम बाजूला ठेवला. गोळीबाराने कोटातल्या एका घराच्या छपराला आग लागली, तिने दारूचे कोठार उडाले, आणि प्रकरण आटोपले.

ही तोफेची गोष्ट मी सबंध गिळावी असे मला वाटत नाही. ज्याने हुकूम मोडला त्याला आपल्या भिडूची तोफ लहान दिसणे सोयीचे असते, आणि ही हकीकत मुळात कोणत्या गोटातून आली असेल हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. पण तिला खोडून काढायला आपल्या बाजूचा एक तरी गोलंदाज बोलायला हवा ना? आपली पत्रे तहाविषयी बोलतात, खंडणीविषयी बोलतात, भावाभावांच्या वाटण्यांविषयी तर अहोरात्र बोलतात. तोफ कोठे लावली होती ह्यावर मात्र मला काही वाचायला मिळाले नाही.

मराठीला हे जमतच नव्हते असे म्हणाल तर तेही खरे नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५-१६ च्या सुमारचे. त्यातले आरमाराचे प्रकरण वाचा. गुराब फार मोठी नको, फार लहानही नको. एका सुभ्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत. लाकूड कोणते तोडावे, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात. पावसाळ्यात आरमार कोठे ठेवावे, वारा पडला तर काय करावे. अस्सल कामाचे गद्य आहे हे. चाळीस वर्षांत ते कोठे गेले? माझ्या मते आरमार सातारा-पुण्याच्या दृष्टीआड गेले तसे ते भाषेच्याही दृष्टीआड गेले. पुढे डॉ. ढबू ह्यांनी १९३९ मध्ये कुलाबकर आंग्र्यांच्या घराण्याचा इतिहास कष्टाने लिहिला. तोही नावाप्रमाणे घराण्याचा. त्यात वंशावळ भक्कम आहे, गलबत किनाऱ्याला बांधलेले. आणि कान्होजींचे जे चरित्र मुंबई-दिल्लीपासून परदेशापर्यंत वाचले गेले ते मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये लिहिले, इंग्रजीत. आपल्या कादंबऱ्यांतला टोपीकर कपटी असतो, गोरा असतो, आणि बहुतेक वेळा उभा असतो. त्याला जहाज चालवताना मी क्वचितच पाहिले आहे. जो शत्रूला काम करताना दाखवू शकत नाही, त्याला आपल्याही माणसाला काम करताना दाखवता येत नाही. तुळाजी मग नुसता शूर होतो, आणि नुसत्या शूराला किती पाने पुरवणार?

इंग्रजांचे पुढले ग्रंथ इतके चांगले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. चार्ल्स रॅथबोन लो ह्याचा आरमाराचा इतिहास १८७७ चा. लो त्याच आरमारात अधिकारी होता आणि ते १८६३ मध्ये मोडीत निघाले. आपल्या बुडालेल्या घराण्याची कीर्तने गाणाऱ्या वारसासारखा तो लिहितो. त्याचा जेम्स माणूस राहत नाही, तसबीर होतो. कर्नल बिडल्फच्या १९०७ च्या पुस्तकाने तर नावातच मलबारचे चाचे आणले. रत्नागिरीचा किनारा मलबारात गेला आणि आंग्रे चाच्यांत. दस्तक घेतल्याशिवाय आमच्या पाण्यातून जाऊ नये, असे आंग्रे म्हणत. परवान्याशिवाय जाऊ नये, असे पोर्तुगीज म्हणत आणि इंग्रजही म्हणत. तिघांपैकी एकच चाचा ठरला. पण ह्या शब्दावर रागावण्याचा आपला हक्क १९ मार्च १७५५ च्या तहाने बराच कमी केला आहे. चाचा म्हणून ज्याला पकडायचे, त्याच्याविरुद्धच्या मसलतीवर आपलीही निशाणी आहे. तुळाजींचा शेवट इंग्रजांच्या नव्हे, पेशव्यांच्या कैदेत झाला.

विजयदुर्गाची हकीकत सांगणारा एडवर्ड आइव्ह्‌ज हा वॉटसनच्या 'केंट' जहाजावरचा शस्त्रवैद्य. त्याचे पुस्तक १७७३ चे. ११ फेब्रुवारी १७५६ ला आरमार किल्ल्यापुढे आले, लढाईत एक जळता गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला, जे तुळाजीने कंपनीकडूनच पकडलेले होते, आणि त्या आगीत सारे आरमार गेले. सुमारे दहा लाख रुपयांची लूट निघाली. लुटीचे वाटे लढाईच्या आधीच ठरले होते आणि त्यावरून क्लाइव्हच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांत व आरमारात धुसफूसही झाली होती. मराठ्यांचा तर वाट्यात हिशेबच नव्हता. किल्ला त्यांच्या हाती आला तो वर्षाअखेर, बाणकोट घेऊन.

ह्या धामधुमीत आइव्ह्‌ज एक प्रसंग सांगतो. किल्ल्यात सापडलेल्या तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला वॉटसन गेला. बायका रडू लागल्या, आम्हाला आता धनी नाही म्हणाल्या. तो म्हणाला, मला बाप समजा. तेव्हा सहा वर्षांच्या मुलाने त्याचा हात धरला आणि हुंदके देत, मग तूच माझा बाप, अशा अर्थाचे काही म्हटले. अॅडमिरलच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या घरातल्या बायका हे ऐकून हळहळल्या. मी मात्र जरा अडलो. त्या काळात लंडनला अश्रूंची मोठी हौस होती. लॉरेन्स स्टर्नची भावविवश प्रवासाची कादंबरी १७६८ ची, आणि आइव्ह्‌ज त्यानंतर पाच वर्षांनी लिहितो आहे. मूल रडले असेल, हात धरला असेल. पण दुभाष्याच्या तोंडून आलेले शब्द एवढे नेटके कसे?

आणि योगायोग पाहा. ह्याच स्टर्नचे जेम्स दांपत्याशी घरोब्याचे नाते होते. मुंबईहून आलेली एलायझा ड्रेपर, जिच्यासाठी तो वेडा झाला, ती त्याला १७६७ मध्ये लंडनला ह्यांच्याच घरी भेटली. मरणाआधी काही दिवस, १७६८ च्या मार्चमध्ये, त्याने आपल्या मुलीला सांभाळावे म्हणून पत्र लिहिले ते मिसेस जेम्सला. एलायझा पुढे मुंबईच्या माझगावातल्या घरून १७७३ मध्ये एका रात्री नवऱ्याला सोडून निघून गेली, तीही एका आरमारी अधिकाऱ्याच्या साह्याने. पश्चिम किनाऱ्यावरच्या नोकरीने ज्याला बरकत आली त्याच्या दिवाणखान्यात इंग्रजी वाङ्मयातली एक प्रीतिकथा जन्मली. एलायझाचे नाव निदान वाङ्मयाच्या इतिहासात आहे. पागोटी सोडणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणी लिहिले नाही.

जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर तीन कोनांचा उंच मनोरा बांधला. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. रिचर्ड जप हा त्याचा स्थापत्यकार. मध्यंतरी तो मनोरा मोडकळीला आला होता. दुरुस्त होऊन २०१४ पासून लोकांना पुन्हा उघडा आहे. दारावरच्या शिळेवर मलबार किनाऱ्यावरचा हा किल्ला जेम्सच्या पराक्रमाने २ एप्रिल १७५५ रोजी पडला असे कोरले आहे. सात गुराबा आणि साठ गलबतांचा त्यात उल्लेख नाही. ह्या एका गाळणीबद्दल आपण इंग्रजांचे आभारच मानावेत.

माझा विद्यार्थी तिथे जाऊन आला आहे. त्याचे जहाज टेम्सच्या मुखाशी माल उतरवत होते, एक दिवसाची सुटी मिळाली, आणि तो आगगाडीने विचारत विचारत टेकडीवर गेला. फोनमधले शिळेचे चित्र त्याने मला दाखवले. मी विचारले, "वर चढलास का? समुद्र दिसतो का तिथून?"

"नाही सर," तो म्हणाला. "लंडन दिसतं, नदी दिसती, झाडी दिसती. समुद्र मला तरी दिसला नाही. आपल्या हदगावावानीच."

मग त्याने ताटातला शेवटचा अनारसा उचलला आणि कोकणात हर्णैला जायला नांदेडहून कोणती गाडी सोयीची पडेल, ह्याची चौकशी आम्ही सुरू केली.